मानवजातीचे हित आणि पुरस्काराची चौकट : महात्मा गांधी व नोबेल शांतता पारितोषिक (१९३७-१९४८)

प्रस्तावना

मानवजातीसाठी केलेल्या थोर कार्याचा गौरव करणारे पुरस्कार ही तुलनेने अलीकडच्या काळाची निर्मिती आहे. बिरुदे, इनामे, जहागिऱ्या आणि मानाची वस्त्रे यांची परंपरा सर्वच संस्कृतींत जुनी आहे; परंतु तेथे गौरव होत असे तो राजाच्या, राज्याच्या अथवा धर्मपीठाच्या सेवेचा. कोणत्याही एका राज्याची नव्हे, तर अखिल मानवजातीची सेवा ही गौरवाची कसोटी मानावी आणि ती लावताना राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थात्मक स्वरूपात पुढे आली. आल्फ्रेड नोबेल यांचे मृत्युपत्र हा तिचा सर्वांत परिचित दस्तऐवज होय.

कल्पना उदात्त असली तरी तिच्या अंमलबजावणीत काही मूलभूत प्रश्न उद्भवतात. ‘मानवजात’ या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो? ‘हित’ कशात आहे हे कोणी ठरवावयाचे? आणि ठरविणाऱ्यांच्या दृष्टीची मर्यादा त्या निर्णयात किती उतरते? या प्रश्नांची चर्चा करण्यासाठी पुरस्कार मिळालेल्यांच्या यादीपेक्षा पुरस्कार न मिळाल्याचे एखादे उदाहरण अधिक उपयुक्त ठरते. महात्मा गांधींना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले नाही, हे असे उदाहरण आहे.

आपल्याकडे या घटनेची दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. ब्रिटिश सरकारच्या दडपणामुळे गांधीजींना डावलले गेले, हे पहिले. आणि गांधीजी कोणत्याही पुरस्काराहून मोठे होते, त्यामुळे हा प्रश्नच गौण आहे, हे दुसरे. पहिल्यात संताप आहे, दुसऱ्यात भक्तिभाव आहे. परंतु दोन्हींमुळे चौकशी थांबते. प्रस्तुत लेखात या निर्णयप्रक्रियेचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेऊन, गांधीजींना पारितोषिक न मिळण्याचे मुख्य कारण शत्रुत्वात नव्हे तर पुरस्काराच्या चौकटीत शोधावे लागते, असे प्रतिपादन करण्याचा प्रयत्न केला आहे.

नोबेलचे मृत्युपत्र आणि त्याचा अर्थ

आल्फ्रेड नोबेल यांनी आपल्या अखेरच्या मृत्युपत्रावर २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे स्वाक्षरी केली. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. सुमारे ३ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर इतक्या संपत्तीचा मोठा भाग गुंतवून त्याच्या व्याजातून, मागील वर्षात ज्यांनी मानवजातीचे सर्वाधिक हित साधले त्यांना पारितोषिके द्यावीत, असे त्यात नमूद होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यक, साहित्य आणि शांतता ही पाच क्षेत्रे ठरविण्यात आली. पहिल्या चार क्षेत्रांतील निवड स्वीडनमधील संस्थांकडे आणि शांततेची निवड नॉर्वेच्या संसदेने निवडलेल्या पाच जणांच्या समितीकडे सोपविण्यात आली. त्या वेळी स्वीडन व नॉर्वे एका राजाच्या छत्राखाली होते. हा संयोग १९०५ मध्ये संपला.

मृत्युपत्र जाहीर होताच नातेवाइकांनी हरकत घेतली. स्वतःच्या देशबांधवांना अग्रक्रम न देण्याच्या अटीवरही स्वीडनमध्ये टीका झाली. शिवाय ज्या संस्थेकडे संपत्ती जावयाची ती संस्थाच अस्तित्वात नव्हती. रॅग्नार सोलमन यांच्यासारख्या व्यवस्थापकांच्या खटपटीनंतर १९०० साली नोबेल प्रतिष्ठानाची नियमावली मंजूर झाली आणि १० डिसेंबर १९०१ रोजी पहिली पारितोषिके देण्यात आली.

येथे दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे, शांततेच्या पारितोषिकासाठी मृत्युपत्रात तीन प्रकारची कामे सांगितली होती : राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव वाढविणे, खडी सैन्ये रद्द अथवा कमी करणे आणि शांतता परिषदा भरविणे. ही व्याख्या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शांतता चळवळीची व्याख्या होती. तिच्यात ‘राष्ट्र’ म्हणजे स्वतंत्र, सैन्य बाळगणारे आणि परिषदांना प्रतिनिधी पाठवू शकणारे राज्य असे गृहीत होते. ज्या समाजाला स्वतःचे राज्य नव्हते, त्याने आपल्यावरील सत्तेशी निःशस्त्र मार्गाने केलेला संघर्ष या तिन्हींपैकी कोणत्याच प्रकारात सरळपणे बसत नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की, मृत्युपत्रातील शब्द अगदी आरंभापासून लवचिकपणे वाचले गेले. ‘मागील वर्षात’ या अटीचा अर्थ नियमावलीत विस्तारण्यात आला आणि ज्याचे महत्त्व अलीकडे प्रत्ययास आले आहे असे जुने कार्यही पात्र ठरले. पहिलेच शांतता पारितोषिक फ्रेंच शांततावादी फ्रेदेरिक पासी आणि रेडक्रॉसचे प्रवर्तक आँरी द्यूनाँ यांना विभागून देण्यात आले. द्यूनाँ यांचे मूळ कार्य जवळजवळ चार दशकांपूर्वीचे होते. शिवाय युद्धातील जखमींची शुश्रूषा करणे म्हणजे युद्ध नाहीसे करणे नव्हे, असा आक्षेपही त्या वेळी घेतला गेला. तरीही समितीने हा निर्णय घेतला. म्हणजे चौकट अरुंद असली तरी ती रुंदावण्याचा अधिकार समितीला होता आणि तो तिने पहिल्याच वर्षी वापरला होता.

पहिले नामनिर्देशन : १९३७

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गांधीजींचे नाव जगभर पोहोचले होते. तरीही त्यांचे पहिले नामनिर्देशन १९३७ साली झाले आणि ते नॉर्वेतून आले. नॉर्वेच्या संसदेतील मजूर पक्षाचे सदस्य ओले कोल्ब्योर्नसेन यांनी ते केले. त्यामागे ‘भारतमित्र’ मंडळाच्या नॉर्वेतील शाखेच्या महिला कार्यकर्त्यांची प्रेरणा होती. गांधीजींचे नाव तेरा जणांच्या विचारार्थ यादीत आले आणि समितीचे सल्लागार, इतिहासाचे प्राध्यापक याकोब वोर्म-म्युलर यांनी त्यांच्यावर अहवाल लिहिला.

हा अहवाल केवळ प्रतिकूल होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गांधीजींच्या सचोटीविषयी, त्यागाविषयी आणि भारतीय जनतेच्या त्यांच्यावरील प्रेमाविषयी लेखकाने आदर व्यक्त केला आहे. परंतु त्यांच्या राजकारणातील अनपेक्षित वळणे त्याला उलगडत नाहीत. एकाच व्यक्तीत संत आणि मुत्सद्दी, आदर्शवादी आणि राष्ट्रवादी कसे नांदतात, हे कोडे त्याला सुटत नाही. अहिंसक आंदोलनातून हिंसा उद्भवू शकते हे गांधीजींनी ओळखावयास हवे होते, हा आक्षेप त्यात आहे. दक्षिण आफ्रिकेतील लढा केवळ भारतीयांसाठी होता, त्याहून वाईट स्थितीतील कृष्णवर्णीयांसाठी नव्हता, याचाही त्यात उल्लेख आहे.

यांपैकी शेवटचा आक्षेप गंभीर आहे. गांधीजींच्या आफ्रिकेतील कार्याविषयी आजच्या संशोधनातही तो प्रश्न विचारला जातो, आणि तो १९३७ साली विचारला गेला ही गोष्ट अहवालकर्त्याच्या चिकित्सेची साक्ष देते. मात्र चौरीचौऱ्याच्या प्रसंगाविषयी तसे म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये जमावाने तेथील पोलीस चौकी पेटवून पोलिसांचे प्राण घेतले, तेव्हा ऐन भरात आलेले असहकार आंदोलन गांधीजींनी बारडोली येथे मागे घेतले. स्वतःच्या अनुयायांच्या हिंसेसाठी संपूर्ण आंदोलन थांबविणारा नेता हा शांततेच्या इतिहासातील अपूर्व पुरावा होता. परंतु ज्या चौकटीत शांतता म्हणजे करार, परिषदा आणि निःशस्त्रीकरण, तेथे हाच प्रसंग अपयशाची नोंद म्हणून वाचला गेला.

हा अहवाल लिहिला जात होता त्या काळात गांधीजींचे वास्तव्य वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात होते. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. ग्रामोद्योग, सफाई, अस्पृश्यतानिवारण आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही कामे गांधीजींच्या दृष्टीने अहिंसेचीच अंगे होती. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारापुरती शांतता पाहणाऱ्या मृत्युपत्रात मात्र या कामांना स्थान नव्हते.

१९३७ चे पारितोषिक राष्ट्रसंघाचे पुरस्कर्ते ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांना मिळाले. सेसिल यांची योग्यता निर्विवाद होती. पण निवडीची दिशाही त्यातून स्पष्ट होते. कोल्ब्योर्नसेन यांनी १९३८ व १९३९ मध्ये पुन्हा नामनिर्देशन केले. मात्र त्या दोन्ही वर्षी गांधीजींचे नाव विचारार्थ यादीपर्यंत गेले नाही.

१९४७ : दोन मते विरुद्ध तीन मते

१९४७ साली नामनिर्देशन भारतातून झाले. ते करणारे तिघे होते : मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर, संयुक्त प्रांताचे पंतप्रधान गोविंद वल्लभ पंत आणि केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. यांपैकी खेर मूळचे रत्नागिरीचे, तर मावळंकरांचे घराणेही मूळ कोकणातील. या प्रकरणाशी महाराष्ट्राचा असलेला हा संबंध आपल्याकडील अभ्यासात फारसा नोंदविला गेलेला नाही. नामनिर्देशने तारेने पाठविलेली, अर्थात संक्षिप्त होती. सहा जणांच्या विचारार्थ यादीत गांधीजींचा समावेश झाला.

या वेळचा अहवाल इतिहासकार येन्स आरुप सेइप यांनी लिहिला. तो अधिक समतोल होता. १९३७ ते १९४७ या दशकातील ब्रिटिश सत्तेशी संघर्ष, दुसऱ्या महायुद्धातील भारताच्या सहभागाचा प्रश्न आणि हिंदू-मुस्लिम तणाव या तिन्ही बाबतींत गांधीजी आपल्या तत्त्वांशी सुसंगत राहिले, असे त्याने दाखविले. स्वातंत्र्य आणि फाळणी हे एकाच वेळी त्यांचे सर्वांत मोठे यश आणि सर्वांत मोठा पराभव होता, असे त्याचे आकलन होते.

समितीचे अध्यक्ष गुन्नार यान यांच्या दैनंदिनीवरून ३० ऑक्टोबर १९४७ च्या बैठकीची माहिती मिळते. हर्मन स्मिट इंगेब्रेट्सेन आणि ख्रिस्तियान ओफ्तेदाल हे दोन सदस्य गांधीजींच्या बाजूने बोलले. इतर तिघांचे मन मात्र वळले नाही. मार्टिन त्रानमेल आणि माजी परराष्ट्रमंत्री बिर्गर ब्रॉडलँड यांना भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना हा निर्णय घेणे अयोग्य वाटले. सर्व उमेदवारांत गांधीजींचे व्यक्तिमत्त्व सर्वांत मोठे आहे, हे स्वतः यान यांना मान्य होते. परंतु ते शांततेचे उपासक असले तरी प्रथम देशभक्त आहेत, असे त्यांचे मत होते.

या संकोचामागे एक वृत्त होते. २७ सप्टेंबर १९४७ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये गांधीजींच्या प्रार्थनासभेतील भाषणाची बातमी आली. पाकिस्तानकडून न्याय मिळविण्याचा अन्य मार्गच उरला नाही, तर भारत सरकारला युद्ध करावे लागेल, अशा आशयाचे त्यांचे विधान त्यात होते. बातमी बरोबर असली तरी अपुरी आहे, असे गांधीजींनी लगेच स्पष्ट केले. आपण स्वतः बदललेलो नाही आणि सैन्य व शस्त्रे हवी असणाऱ्या नव्या व्यवस्थेत आपल्याला स्थान नाही, हेही त्यांनी त्याच सभेत सांगितले होते. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या उपवासाने कलकत्त्यातील दंगल शमली होती. एका शहराची शांतता आणि एक विधान यांच्यात बहुमताने विधानाला अधिक वजन दिले. त्या वर्षीचे पारितोषिक क्वेकर पंथीयांच्या ब्रिटन व अमेरिकेतील दोन सेवासंस्थांना देण्यात आले.

१९४८ : मृत्यू, वारस आणि नियम

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. नामनिर्देशनाची मुदत संपण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते. त्या वर्षी त्यांच्या नावाची सहा पत्रे समितीकडे आली. नामनिर्देशन करणाऱ्यांत १९४६ च्या मानकरी एमिली ग्रीन बाल्च आणि आदल्याच वर्षी गांधीजींऐवजी ज्यांचा गौरव झाला होता ते क्वेकरही होते. विचारार्थ यादीत केवळ तीन नावे उरली. सेइप यांनी नव्या अहवालात गांधीजींच्या अखेरच्या महिन्यांचा आढावा घेतला आणि त्यांच्या नैतिक प्रभावाची तुलना केवळ धर्मसंस्थापकांशीच करता येईल, असा निष्कर्ष काढला.

आता योग्यतेविषयी वाद उरला नव्हता. प्रश्न नियमांचा होता. तत्कालीन नियमांनुसार काही परिस्थितींत मरणोत्तर पारितोषिक देता येत होते. १९३१ मध्ये स्वीडिश कवी एरिक आक्सेल कार्लफेल्ट यांना साहित्याचे पारितोषिक मरणोत्तर देण्यात आलेही होते. परंतु रक्कम कोणाला द्यावयाची? गांधीजी कोणत्याही संस्थेचे नव्हते, त्यांनी संपत्ती ठेवली नव्हती, मृत्युपत्र केले नव्हते. अपरिग्रहाचे व्रत पाळणाऱ्या माणसाला मालमत्तेच्या कायद्याने रचलेला पुरस्कार देता येईना, हा येथील विलक्षण विरोध होय. स्वीडनमधील पारितोषिकदात्या संस्थांचा सल्ला घेण्यात आला. समितीच्या निर्णयानंतर मृत्यू झाला असेल तरच मरणोत्तर पारितोषिक योग्य, असे त्यांचे मत पडले. अखेर ओफ्तेदाल वगळता सर्वांनी ते मानले. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी समितीने योग्य असा हयात उमेदवार नसल्याचे कारण देऊन त्या वर्षी पारितोषिक न देण्याचे ठरविले.

‘हयात’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. गांधीजींचे नाव न घेता त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली गेली, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आणि तो असंभाव्य नाही. तरीही रिकामी जागा म्हणजे गौरव नव्हे. पुढे १९६१ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावलेले संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांना त्याच वर्षी शांततेचे पारितोषिक मरणोत्तर देण्यात आले. १९७४ मध्ये नियम अधिक कडक करण्यात आला. यावरून नियम हा निर्णयाचा एकमेव आधार नसतो, त्याचा अर्थ लावणाऱ्यांची इच्छाही त्यात मिसळलेली असते, हे दिसून येते.

रूढ स्पष्टीकरणांची तपासणी

नामनिर्देशनांची कागदपत्रे पन्नास वर्षे गोपनीय ठेवण्याचा नियम असल्याने या प्रकरणाची दप्तरे विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांसमोर आली. नॉर्वेचे इतिहासकार ओइविंद टोनेसन यांनी १९९९ मध्ये त्यांची सविस्तर मांडणी केली. ब्रिटनच्या नाराजीच्या भीतीने निर्णय घेतल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक निर्णयात बाह्य दडपणच शोधण्याची आपली सवय या ठिकाणी आवरावी लागते. १९३५ चे पारितोषिक हिटलरच्या बंदिवासातील कार्ल फोन ओसिएत्स्की यांना देऊन बलाढ्य सत्तेचा रोष पत्करण्याची तयारी याच समितीने दाखविली होती.

मग कारण कोणते? १९६० पूर्वीच्या मानकऱ्यांची यादी पाहिल्यास ते समजते. त्यांत युरोप व अमेरिका या खंडांबाहेरील एकही व्यक्ती नाही. १९६० चे पारितोषिक मिळालेले दक्षिण आफ्रिकेचे अल्बर्ट लुथुली हे असे पहिले मानकरी होत, आणि त्यांचा मार्ग अहिंसक प्रतिकाराचाच होता. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा गौरव झाला. त्यांनी गांधीजींचे ऋण उघडपणे मानले होते. १९८९ मध्ये दलाई लामा यांना पारितोषिक देताना, हा अंशतः महात्मा गांधींच्या स्मृतीला वाहिलेला आदर आहे, असे समितीच्या अध्यक्षांनी म्हटले. २००६ मध्ये समितीचे सचिव गाइर लुंडेस्टाड यांनी गांधीजींना वगळले जाणे ही आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव असल्याचे मान्य केले. म्हणजे शिष्यांच्या गौरवातून समितीला गुरूची ओळख पटत गेली. शांततेची व्याख्या बदलण्यास जी दशके लागली, ती गांधीजींच्या आयुष्यात बसली नाहीत.

पर्यायी पुरस्कारांचा उदय

या अनुभवाशी थेट नव्हे, पण समांतर अशी एक घडामोड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रॅमन मॅगसेसे पुरस्काराने आशियाकडे लक्ष दिले. १९५८ च्या पहिल्याच मानकऱ्यांत विनोबा भावे होते. १९७९ मध्ये जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे आणि १९८५ मध्ये बाबा आमटे यांना तो मिळाला. १९८० पासून स्वीडनमधून दिला जाणारा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार १९९१ मध्ये बाबा आमटे, मेधा पाटकर व नर्मदा बचाव आंदोलन यांना मिळाला. १९९५ पासून भारत सरकार गांधी शांतता पुरस्कार देते. १९९९ चा पुरस्कार बाबा आमटे यांना मिळाला. कुष्ठसेवा, ग्रामीण आरोग्य, विस्थापितांचा लढा ही कामे मानवजातीची सेवा म्हणून ओळखली जाण्यासाठी नव्या चौकटींची आवश्यकता भासली. अर्थात या नव्या पुरस्कारांच्याही चौकटी आहेत. शासनाने दिलेला पुरस्कार शासनाविरुद्धच्या सत्याग्रहीला कितपत ओळखू शकेल, हा प्रश्न गांधीजींच्या नावाच्या पुरस्काराबाबत तर अधिकच तीव्रतेने विचारावा लागेल.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, गांधीजींना पारितोषिक न मिळण्यामागे कट नव्हता. राज्यकेंद्री शांततेची कल्पना, युरोपीय अनुभवाची मर्यादा आणि मालमत्तेच्या परिभाषेत लिहिलेले नियम ही त्याची कारणे होती. दोन, समितीसमोरील सर्व आक्षेप पूर्वग्रहाचे नव्हते; त्यांतील काहींना आजही उत्तर द्यावे लागते. तीन, नियम लवचिक होते, त्यामुळे जबाबदारी केवळ नियमांवर टाकता येत नाही. १९४७ मध्ये दोघांनी आणि १९४८ मध्ये एकाने वेगळे मत दिले, याचा अर्थ वेगळा निर्णय त्या काळातही शक्य होता.

पुरस्कार हा मानकऱ्याच्या थोरवीचा पुरावा म्हणून आपण वाचतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो प्रथम पुरस्कार देणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा म्हणून वाचावयास हवा. आपल्या महाविद्यालयांतून पुरस्कारविजेत्यांच्या याद्या पाठ करविल्या जातात आणि स्पर्धा परीक्षांमुळे त्या प्रथेला बळकटी येते. त्या यादीतील १९४८ या वर्षापुढील रिकामी जागा वर्गात चर्चेला घेतल्यास, मानवजातीचे हित कोण, कोणत्या चौकटीत आणि कोणाच्या वतीने ठरवितो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू शकेल. नोबेल समितीच्या नियमानुसार इतिहासाच्या विद्यापीठीय प्राध्यापकांनाही शांतता पारितोषिकासाठी नामनिर्देशन करण्याचा अधिकार आहे. हा प्रश्न आपल्यासाठी केवळ भूतकाळातील नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.